कंसाबाहेरचे सात

तासगावातून सावळजला जाताना डाव्या हाताला
आमची बेदाण्याची शेड. पत्र्याखाली गंधकाचा वास,
टेबलावर ढीग. हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
काळा शेवटच्या पाटीत,
काड्या आणि खडे पदरात नाहीतर पायाशी.

सौद्याच्या आदल्या रात्री दिवाणजी दारात येऊन म्हणाले,
थांबा आज.
दर मालक ठरवतील तो, वर चाळीस रुपये.
प्रत्येकीला? जैबूननं विचारलं.
प्रत्येकीला.
आम्ही सात जणी. थांबलो.

सकाळी गड्डी अक्काताईच्या हातात:
दोन हजार चारशे नव्वद. वाटून घ्या.
सातांत वाटले, तर पाच रुपये उरले.
शालन म्हणाली, चहा पिऊ.
चहाही सात जणींना पुरला नाही.

मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय.
संध्याकाळी शाळेच्या मागच्या वर्गात
शिकलगार बाई शिकवतात, बाकं पोरांची, गुडघे आमचे.
त्या दिवशी फळ्यावर कंस काढून त्या म्हणाल्या,
हे घर समजा. बाहेरचा आकडा दारात उभा आहे.
ईदचा शिरखुर्मा घेऊन तुम्ही कुणाकडं गेलात,
तर पुढच्या खोलीतल्या म्हातारीला देऊन माघारी फिरता का?
आत चुलीपाशी सून असते.
तिलाही द्यायचा, तेवढाच,
मगच कंस उघडला म्हणायचं.

मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं,
बाईंना न दाखवता:

७(क्ष + ४०) = २४९०

म्हातारीला दिले सात. सुनेला दिले सात.
सात क्ष, अधिक दोनशे ऐंशी.
दोनशे ऐंशी पलीकडं नेले, तिथं ते उणे झाले,
राहिले दोन हजार दोनशे दहा.
सातानं भागले. तीनशे पंधरा आले,
आणि बाकी पाच. पुन्हा तेच पाच.
असला दर कुठला मालक लावतो?
पुन्हा केलं. बेंबट्या रंगाच्या दिव्याखाली पुन्हा केलं.
तेच.

मग, चूक कशी होते ते बघावं म्हणून,
मुद्दाम चुकले.
सात फक्त म्हातारीला दिले,
सुनेला तशीच ठेवली, एकटे चाळीस घेऊन.
सात क्ष अधिक चाळीस.
चाळीस काढले, सातानं भागले,
तीनशे पन्नास.
बाकी शून्य. कडक नोटेसारखे
तीनशे पन्नास.

मला आधी आनंदच झाला, उत्तर सुटल्याचा.
राग मागनं आला, चप्पल घालताना.

दिवाणजींनी चोपडी काढली, अंगठा ओला केला.
कॅल्क्युलेटर पुढं ओढून माझ्यासमोर दाबून दाखवला:
सात, गुणिले, तीनशे पन्नास, अधिक, चाळीस.
बघ. मशीन खोटं बोलतं व्हय?
मी म्हटलं, मशीनला कंसाचं बटण नाही.
तुम्हाला माहीत होतं आम्ही किती जणी ते.
ते बराच वेळ बटणांकडं बघत राहिले.
चूक होती की सवय, मला अजून कळलेलं नाही.
दोनशे चाळीस मोजले, त्यातली एक दहाची फाटकी,
आणि म्हणाले, मॅट्रिक झालीस की इथं येणार नाहीस.

बायडानं फाटकी नोट स्वतःकडं घेतली,
डिंक आहे म्हणाली घरात.

गुरुवारी बाईंनी नवं घातलं:
पन्नास उणे दोन कंसात क्ष उणे पाच, बरोबर चाळीस.
मी रुबाबात उघडलं. दोन म्हातारीला, दोन सुनेला,
क्ष शून्य आला.
बाईंनी वही फिरवून घेतली, पेन्सिलीचं टोक
दोनाच्या आधीच्या आडव्या रेघेवर टेकवलं.
दोन दिलेस, म्हणाल्या, उणे कुणाला दिलंस?
पाचाकडं बघ. त्याच्याकडं आधीच एक आहे.

बेल झाली. सकाळी सातची पाळी.
वही उशाशी ठेवलीये, पाच अजून कंसातच आहेत.